आबांसाठी आणलेले वॉट

होम थिएटरचा खोका दिसला की मला आजही मळमळतं. परवा नांदेडात एका दुकानाच्या काचेत तसलाच एक मांडून ठेवलेला होता. वर सोनेरी अक्षरांत हजाराच्या पुढचा आकडा, आकड्यापुढे वॉट, वॉटपुढे उद्गारचिन्ह. मी सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागलो. बायकोनं विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘काही नाही, वास मारतो.’ तिला सगळं माहीत आहे.

गोष्ट आबांच्या कानांची आहे. आबा म्हणजे माझे वडील. लोह्याकडच्या आमच्या गावात त्यांची उमर शेतीत गेली आणि आई गेल्यावर ते नांदेडला माझ्याकडे राहायला आले. माझी पोरगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी आबांच्या खाटेवर जाऊन बसायची. कोण भांडलं, कुणी कुणाचा डबा खाल्ला, बाईंनी कुणाला उभं केलं, सगळं आबांना. आम्हाला फक्त प्रगतीपुस्तक. दहावी झाल्यावर आमच्याकडची निम्मी पोरं लातूरला शिकवणीला जातात, तशी तीही गेली. म्हणजे मी पाठवली. तिथल्या वसतिगृहात मोबाईल फक्त रविवारी, आणि तोही एक तास. त्या तासातली पहिली दहा मिनिटं आबांची, असं आबांनीच ठरवून टाकलं होतं.

रविवारी अकराला आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. फोन एका कानाला, दुसऱ्या कानावर तळहात दाबलेला. ‘हाव. हाव माय. लई छान.’ आमच्याकडे ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात आणि आबांच्या तोंडी तेवढंच राहिलं होतं. गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी ती त्यांच्याशी बराच वेळ बोलली. आबांनी शेवटी मान डोलावली, म्हणाले, ‘हाव, लई छान, असंच कर,’ आणि फोन मला दिला. माझ्याशी ती दोन मिनिटं बोलली. पुढच्या रविवारपासून ती आबांशीही दोनच मिनिटं बोलायला लागली.

आबांना ते लागलं. चार-पाच रविवार गेले तशी त्यांची चिडचिड वाढली. मला म्हणाले, ‘फोनमंदी तिचा आवाज लई बारीक यायलाय. तू एवढा शिकलेला, काहीतरी कर. मला माझ्या पोरीचं बोलणं ऐकू आलं पायजे. दुसरं काय न्हाई मागत म्या.’

बायको लगेच म्हणाली, ‘आबांना कानाच्या डॉक्टर मॅडमकडे नेऊ. छोटं यंत्र मिळतं.’

आबांचा चेहरा असा झाला, जशी काही तिनं घाण समोर आणून ठेवली. त्याचं कारण होतं. आमच्या भावकीत कुणाचीही सोयरीक ठरायची म्हटली की आबांना बोलावणं यायचं. बैठकीत मधोमध बसून देण्याघेण्यावरून तुटायला आलेलं आबा जुळवून आणायचे. ‘कानात यंतर घालून बसू का तिथं? बहिरा म्हनतील. बहिऱ्याला कोन इचारतंय सोयरीकीत?’ खरं म्हणजे गेल्या उन्हाळ्यातल्या बैठकीत ते समोरच्यांच्या एका मागणीला हाव म्हणून बसले होते आणि नवरीचा बाप रडकुंडीला आला होता. सगळे हसले. मीही हसलो. आबांचं वय झालं, थट्टा करतात, असं म्हणून मी निभावून नेलं.

आणि मी बायकोलाच झापलं. ‘काही यंत्रबिंत्र नको. आवाज बारीक आहे तर आवाज मोठा करू. साधं फिजिक्स आहे.’ मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. ध्वनीचा धडा वीस वर्षं झाली शिकवतोय. माझा बाप बहिरा आहे हे मलाच बघायचं नव्हतं, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

तर ठरलं असं, की पोरीचा व्हिडिओ कॉल लॅपटॉपवर घ्यायचा, लॅपटॉप टीव्हीला, आणि आवाज चांगल्या रिसीव्हरमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्यातून, मोठ्या स्पीकरांवर. त्यात पुन्हा मधला एक स्पीकर खास बोलण्यासाठीच असतो. आता प्रश्न एवढाच, की रिसीव्हर कुठल्या कंपनीचा आणि किती ताकदीचा. तिथून माझी शिसारी सुरू झाली.

नांदेडच्या दुकानदारानं पहिला खोका काढला. निळ्या दिव्यांची कंपनी. ‘सर, आँख बंद करून घ्या. सात चॅनल, म्हणजे सात स्पीकर, एकेका चॅनलला एकशे पासष्ट वॉट.’ मी चष्मा लावून खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं. एकशे पासष्ट वॉट, पण कधी? सातांपैकी एकच चॅनल चालू असताना, तेही एकाच सुरावर, आणि आवाज दहा टक्के फाटलेला चालणार असेल तर. हे म्हणजे पोरानं एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं, तेही चुकतमाकत, आणि बापानं पेढे वाटायचे! मी दुकानदाराला मागची पट्टी दाखवली. तिथं विजेचा खप लिहिला होता, चारशे तीस वॉट. म्हटलं, ‘सात गुणिले एकशे पासष्ट म्हणजे अकराशे पंचावन्न. आत चारशे तीस जाणार आणि बाहेर अकराशे पंचावन्न येणार? बाकीची वीज काय तुमच्या घरून आणणार का?’ तो हसला. ‘सर, एवढं कोणी वाचत नाही.’ त्या हसण्याचीच किळस आली मला. बेइमानीची नाही, तिच्या सवयीची.

दुसरी सोनेरी बटणाची कंपनी. आवाज गोड म्हणून नाव. तिचा खोका जरा शरमेनं खोटं बोलत होता, म्हणजे आकडा एकशे चाळीस आणि फाटका आवाज एक टक्का. तिसरी काळी, बिनडौल, पुढं एक मोठं बटण आणि बाकी काही नाही. तिच्यावर फक्त ऐंशी. पण ते ऐंशी दोन चॅनल एकदम चालवून, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सगळ्या पट्टीत मोजलेले. दुकानदार म्हणाला, ‘ही घेऊ नका सर, अध्धी पॉवर आहे.’ मी तिथंच शिकवायला लागलो. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळेल एवढा. ऐंशीचे शंभर केले तर एक डेसिबल, तो धडधाकट कानालाही कळला तर कळला. आणि तुम्ही लोकांना वीस-वीस वॉटवर नाचवता! दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली तसा दुकानदार म्हणाला, ‘सर, तुम्ही लातूरला बघा ना. तिथं मोठं मार्केट आहे.’

लातूरला मी गेलोही. तिथं माझे दाजी आहेत, थोरल्या बहिणीचे यजमान. बी-बियाणांचं दुकान, वर घर आणि घरात खास थिएटरची खोली. अकरा चॅनल. खिडक्या बुजवलेल्या, भिंतींना काळं कापड, आत एसीचा आणि अत्तराचा मिळून एक कोंदट वास. दाजींनी मला खुर्चीत ढकललं आणि स्फोट लावले. मग हेलिकॉप्टर. मग पुन्हा स्फोट. स्टुलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं की दाजी त्याच्याकडे बोट दाखवून ओरडायचे, ‘बघितलास का? छातीत लागलं पायजे!’ मला त्या खोलीचीच किळस आली. मी म्हटलं, ‘दाजी, कुणीतरी माणूस साधं बोलतंय असं काही लावा.’ त्यांनी रिमोट घेऊन पाच मिनिटं शोधलं. काही सापडलं नाही. बहीण दारातून जेवायला चला म्हणत होती, ते तिला तीनदा म्हणावं लागलं.

त्या शनिवारी माझी पोरगी त्याच गावात, तिथून दोन किलोमीटरवर होती. भेटायचा वार रविवार, म्हणून मी तिला न भेटताच परत आलो. दुकानं मात्र चार बघितली.

शेवटी खरेदी आबांनी केली. नांदेडच्या त्याच दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. तिन्ही रिसीव्हर खाली फरशीवर ठेवायला लावून आबा उकिडवे बसले आणि बाजारात बी-बियाणाचं पोतं हाताखालून उचलून बघावं तसं एकेक उचलून बघितलं. निळ्या दिव्याचा उचलला आणि तोंड वाकडं केलं. ‘ह्याच्यात काय न्हाई. निस्ता डबा हाय.’ सोनेरी बटणाचा उचलून नुसतं हूं केलं. काळा उचलताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या. ‘ह्यो घे. ह्याच्यात माल हाय.’ आणि ते बरोबर होतं! जड ट्रान्सफॉर्मर असेल तरच ताकद खरी असते. मी इतक्या कंपन्यांचे कागद चाळून ज्या निकालाला आलो होतो, तिथं माझा अडाणी बाप एका हिसक्यात पोचला. मला इतका अभिमान वाटला की दुकानदाराकडे मी विजयानं बघितलं. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या जगाचा खोटेपणा ओळखला होता.

रविवारी अकराला हॉलमध्ये सगळं मांडलं. मधल्या स्पीकरला हळदीकुंकू, रिसीव्हरला हार, नारळ बायकोनं बाहेर फोडला. टीव्हीवर पोरीचा चेहरा खिडकीएवढा आला. ‘आबा, कसे आहात?’ भिंती हादरल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, शेजारचे आले, सगळे कौतुकानं सोफ्यावर बसले. पोरगी चपापली. ‘कोण कोण आहे तिथं?’ मी म्हटलं, ‘सगळे आहेत, बोल! आबांना आता स्वच्छ ऐकू येतं.’ ती म्हणाली, ‘अभ्यास चालू आहे. बरी आहे. ठेवू?’

मी आबांना विचारलं, ‘आलं का ऐकू?’

‘आलं, आलं. लई झकास.’

‘काय म्हणाली?’

‘अभ्यास चालू हाय म्हनली.’

मी टाळी वाजवली. दर रविवारी ती तेवढंच म्हणते, न ऐकताही सांगता आलं असतं, हे फिजिक्सच्या मास्तरला सुचलं नाही. पुढं दोन महिने असंच चाललं. मी आवाजाचं बटण आणखी आणखी पुढं नेत गेलो आणि भेटेल त्याला सांगत गेलो की ऐंशी वॉट कसे एकशे पासष्टला भारी पडतात.

जानेवारीत वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला. पोरगी आठ दिवस झाले वर्गात जात नाही, जेवत नाही, कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी, बायको आणि आबा, तिघं गाडीनं निघालो. गाडीत मी तोंड सोडलं होतं. एवढी सोय करून दिली, एवढं चांगलं गाव, काय कमी आहे तिला, अमकं आणि तमकं. बायको खिडकीबाहेर बघत होती. मागं आबा एकटेच विचारत होते, ‘काय झालंय? कोनी तरी सांगा की.’

भेटायच्या खोलीत बाकावर ती बसली. गळ्याची हाडं वर आली होती. माझं सुरूच. ‘सांगायचं ना मग! तोंड शिवलं होतं का? दर रविवारी बरी आहे, बरी आहे!’

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी आबांना सांगितलं होतं.’

‘काय सांगितलं होतंस?’

‘गणपतीनंतर. म्हटलं, आबा, मला इथं भीती वाटते. झोप लागत नाही. मला घरी न्या, पण पप्पांना सांगू नका, ते ओरडतील. आबा म्हणाले, हाव, लई छान, असंच कर.’ मग ती म्हणाली, ‘मला वाटलं, आबांनासुद्धा मी इथंच पाहिजे.’

निळ्या दिव्याच्या कंपनीची, दाजींच्या त्या कोंदट खोलीची जेवढी किळस आली होती, तेवढी सगळी एकदम माझ्यावरच उलटली. पोरीनं एका माणसाशी गुपचूप बोलायला जागा शोधली होती. ती जागा मी हॉलमध्ये आणली, हार घातला, शेजाऱ्यांना सोफ्यावर बसवलं. वरून आकड्यांच्या खोटेपणावर व्याख्यानं देत हिंडलो. थू माझ्या जिंदगानीवर, असं मी तिथं मोठ्यांदा म्हणालो असेन, कारण मॅडमनं दारातून आत डोकावून बघितलं.

‘काय म्हनायली ती?’ आबांनी विचारलं. बायको उठली, त्यांच्या कानापाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून तिनं त्यांना सगळं सांगितलं. शेवटचं ‘लई छान, असंच कर’सुद्धा. आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. माणसांत बसलेले असताना त्यांना बिनटोपीचं मी कधी बघितलं नव्हतं.

पोरीची ट्रंक त्याच दिवशी गाडीत टाकली. मागच्या सीटवर ती आजोबांच्या शेजारी खिडकीला टेकून झोपली. अहमदपूर गेलं, लोहा आलं. आमच्या गावाचा फाटा मागं पडला तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. ‘त्या कानवालीकडं ने मला. उद्याच.’

बायकोनं मागं वळून एकेक शब्द सुटा करत विचारलं, ‘आणि सोयरीकी?’

‘जाऊ दे खड्ड्यात.’

कानवाल्या मॅडमनी कागदावर आलेख काढून माझ्यापुढं सरकवला. डावीकडं, जाड आवाजांपाशी, रेघ बरी होती, उजवीकडं, बारीक आवाजांपाशी, ती एकदम खाली कोसळत होती. ‘यांना आवाज ऐकू येतो. शब्द ऐकू येत नाहीत. स, श, त, क असल्या अक्षरांचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला असतो, तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही आवाज वाढवलात तर आ आणि ओ मोठे होतात, बाकीचं जवळजवळ तसंच राहतं.’ कुठल्या पट्टीत काय असतं हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो. पोरं ते वहीत उतरवतात. मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ मी खोटं सांगितलं. म्हटलं, शेती.

यंत्र आलं तेव्हा शेंगदाण्याएवढं होतं. त्याच्या पेटीवर वॉटचा आकडाच नव्हता. आबांनी ते तळहातावर घेऊन सवयीनं वजन बघितलं आणि कानात घातलं. पहिल्या दिवशी पंख्याच्या आवाजाला वैतागले, भांड्यांना शिव्या दिल्या, दोनदा काढून ठेवलं, दोनदा परत घातलं. काळा रिसीव्हर अजून हॉलमध्येच आहे. बायकोनं त्याच्यावर मनी प्लांटची बाटली ठेवली आहे. मी त्याला हात लावत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबांनी टीव्ही बंद करायला लावला. खाटेवर सरकून जागा केली आणि पोरीला बोलावलं. ती येऊन बसली, पूर्वी दप्तर टाकून बसायची तशी, पण जरा अंतर ठेवून.

‘मागल्या टायमाला म्या काहीच ऐकलो न्हवतो, माय,’ आबा म्हणाले. ‘एक शब्द न्हाई. त्या मोठ्या डब्यातून बी न्हाई. समदे ऐकायलेत, तुझा बाप एवढा खपायलाय, म्हनून उगंच हाव म्हनलो. आता सांग. पहिल्यापासून सांग.’

पोरीनं दाराकडे बघितलं. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आबा मला आत बोलावतील. त्यांनी हातानं मागं हो अशी खूण केली. मी दोन पावलं मागं झालो, पण गेलो नाही. ती बोलायला लागली, इतकं हळू की मला एकही शब्द कळला नाही. ती बराच वेळ बोलत होती. आबा तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. मध्ये एकदाही हाव म्हणाले नाहीत.